खाकीवर बसवलेला चेहरा

एकाच्या धडावर दुसऱ्याचं मुंडकं बसवायचं काम मी गेली बारा-तेरा वर्षं करतोय. दचकू नका, माझं बॅनर छापायचं दुकान आहे. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर. दुकानाचं नाव, माझं नाव, माझ्या खेड्याचं नाव, यातलं काहीच इथे येणार नाही. काही गोष्टी तर मी मुद्दाम बदलून सांगणार आहे. ज्याला पुढे ट्रॅक्टरचा दलाल म्हटलंय तो ट्रॅक्टरचा नव्हता, दुसऱ्याच कशाचा तरी होता. त्याने वाचणाऱ्याचं काही बिघडत नाही. खरं सांगितलं तर माझ्या धाकट्या भावाचं बिघडू शकतं.

मुंडक्याचं आधी सांगतो, कारण सगळं रामायण त्याच्यावरूनच घडलं. गिऱ्हाईक वाढदिवसाच्या बॅनरला फोटो आणतं तो कुठला, तर कुणाच्या तरी लग्नात पंगतीला बसलेला, तोंडात घास. बॅनरवर मात्र त्याला कोट पाहिजे, गॉगल पाहिजे, मागे चारचाकी पाहिजे. मग मी त्याचं तोंड कापून घेतो, कोट घातलेल्या तयार धडावर ठेवतो आणि मानेचा रंग जुळवत बसतो. मान जुळली की माणूस जुळला. माझ्या कॉम्प्युटरवर दोन फोल्डर आहेत, एकाचं नाव ‘धडं’, दुसऱ्याचं ‘मुंडकी’. आलेली मुंडकी मी पुसत नाही, पुढच्या वर्षी तोच वाढदिवस पुन्हा येतो. गिऱ्हाइकांचे नंबरसुद्धा मी नावाने ठेवत नाही, कामाने ठेवतो. ‘कमान चारठाणा’, ‘दुकान बोर्ड राणीसावरगाव’, ‘दहावा मामा’. माणसाचं नाव मला विचारू नका, त्याचा बॅनर किती बाय कितीचा होता ते मी झोपेतही सांगेन.

माझा धाकटा भाऊ पोलिसात आहे. ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी तो बदलला होता. दाढी वाढवली होती. सणाला आला तर तासभर बसायचा, तोही मागच्या खोलीत. काम काय करतोस विचारलं की म्हणायचा, “टेबलावरचं काम हाय दादा. कागदं इकडची तिकडं.”

“टेबलावर बसून माणूस एवढा काळा पडतो व्हय रे? टेबल उन्हात ठेवलंय का तुझं?”

तो हसायचा आणि विषय बदलायचा. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. ज्याला मी सायकल शिकवली, ज्याच्या भरतीच्या तयारीला माझं हे पोट सांभाळत पहाटे मैदानावर धावलो, तो माझ्यापासून काहीतरी लपवतोय हे मला कळत होतं. एखादं बाईचं लफडं असेल अशी माझी समजूत. हेच मला सुचलं, याची आज लाज वाटते.

त्यातच त्याला बढती मिळाली. शिपायाचा हवालदार झाला. आमची आई खेड्यात एकटी राहते. तिला कळलं तशी ती माझ्या मागे लागली. “साऱ्या दुनियेचे फोटो चौकात लावतूस. माझ्या लेकराचा कवा लावणार?”

मलाही तेच पाहिजे होतं. भावाला विचारलं असतं तर तो नको म्हणाला असता, म्हणून विचारलंच नाही. त्याचा वर्दीतला फोटो होता, पण भरतीच्या वेळचा, गाल बसलेले, आणि मोठा केला की चेहऱ्याचे नुसते चौकोन दिसायचे. चुलत बहिणीच्या साखरपुड्यातला फोटो मात्र फार सुरेख होता. नवी दाढी, चांगला उजेड, दात दाखवून हसलेला. मी ते मुंडकं कापलं आणि खाकी धडावर बसवलं. आजवर जुळवलेल्या मानांमध्ये सगळ्यात चांगली जुळलेली मान तीच. खाली त्याचं नाव, पद, ‘शुभेच्छुक समस्त गावकरी’, आणि नेहमीप्रमाणे कोपऱ्यात माझा नंबर.

तीन बॅनर छापले. शुक्रवारी संध्याकाळी दोन आमच्या खेड्यात लावले आणि तिसरा फाट्यावर, परभणी-गंगाखेड रस्त्याला. शनिवारी पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला गर्दी जाते, जाता-येता लोकांनी बघावा हा हिशेब. फाट्यावर चहाची टपरी आहे. टपरीवाला माझा शाळेतला सोबती. बॅनर बांधताना त्याने मान वाकडी करून बघितलं. “कामून रे, पोलिसाला एवढी दाढी चालती व्हय?”

“तू चहा गाळ,” मी म्हणालो.

घरी येऊन बॅनरचा फोटो मोबाइलच्या स्टेटसवर ठेवला. वर लिहिलं, ‘आमचा वाघ’.

शनिवारी सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होतो तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. भावाचा आवाज होता, पण असा आवाज मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. हळू आणि सपाट.

“दादा, मी बोलतो तेवढं ऐक. मधी बोलू नको. फाट्यावरनं जाताना तू लावलेला बॅनर बघितला मी. बॅनर उतरव. समदे. आत्ता. मोबाइलवर टाकला असशील तर तो बी काढ.”

“अरे पण झालं काय?”

“मी सात महिन्यांपासून ट्रॅक्टरचा दलाल हाय. नाव दुसरं हाय माझं. ज्या लोकांत बसायलोय ते गावठी कट्टे इकणारे हायत, अन् ते ह्याच रस्त्यानं येतेत-जातेत. कुणी इचारलं तर तू मला वळखत न्हाईस. ह्या नंबरावर फोन करू नको.”

“तू तिथून निघून ये,” मी म्हणालो.

“आज निघालो तर समद्यांनाच कळंल,” एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

 मी शटर तसंच अर्धं सोडून पायरीवर बसलो. सात महिने तो उन्हात काळा पडत होता, आणि मी त्याला टेबल उन्हात ठेवलंय का विचारत होतो. सात महिने त्याने स्वतःच्या आईला सांगितलं नाही. ज्या दाढीमागे तो लपला होता ती दाढी मी खाकीवर बसवून आठ बाय दहामध्ये रस्त्यावर उभी केली होती. वर्दीतला जुना, चौकोनी झालेला फोटो छापला असता तरी एक वेळ चाललं असतं, त्यात तो ओळखूही आला नसता. माझ्या हाताची सफाई आडवी आली.

स्टेटस पुसण्याआधी तो कुणीकुणी बघितला ती यादी उघडली. ‘कमान चारठाणा’ने बघितला होता. ‘ट्रॉली स्टिकर’ने बघितला होता. ‘वाढदिवस तलवार’ने बघितला होता. हा गेल्या वर्षी मित्रांचं टोळकं घेऊन आला होता, बॅनरवर केक तलवारीने कापतानाचा फोटो पाहिजे म्हणून. गळ्यात जाड साखळी, बोलणं मात्र गोड. कट्टे विकणारा असाच दिसत असेल का? की ‘दहावा मामा’ असेल? माझ्या मोबाइलमध्ये एकही माणूस नव्हता, नुसती कामं होती. मी स्टेटस पुसला, विळा घेतला आणि गाडीला किक मारली.

फाट्यावर पोचलो तर लाकडी चौकट रिकामी. सुतळीची टोकं नुसती लोंबत होती.

टपरीवाल्याने मला बघून हात केला. “सकाळीच एक जीप थांबली. दोघं उतरले, लय येळ बॅनरकडं बघायलते. मंग चाकूनं सुतळी कापली अन् गुंडाळून घेऊन गेले. मला वाटलं, तूच धाडलंस.”

“काही विचारलं त्यांनी?”

“इचारलं की. कुणी छापला म्हणून. खाली तुझा नंबर हायच.”

“माझा भाऊ आहे म्हणून सांगितलंस का?”

तो डोकं खाजवायला लागला. “गिऱ्हाईक लय होतं रे. काय बोललो ते ध्येनातच न्हाई. सांगितलं बी असंल.”

 त्याला धरून हलवावंसं वाटत होतं, पण त्याची चूक काय? फाट्यावर कुणीही कुणाबद्दल विचारलं की आम्ही त्याची सात पिढ्यांची माहिती देतो, वर चहा पाजतो. मग खेड्यात जाऊन तिथले दोन बॅनर मी उतरवले. लोकांनी विचारलं, कामून उतरवायलास, चांगला तर हाय. मी म्हणालो, मापात चुकलाय. आई ओट्यावर उभी होती. तिला काहीच सांगितलं नाही. बॅनरच्या दोन्ही गुंडाळ्या मी दुकानात आणून मशीनमागे टाकल्या.

दुपारी बाराच्या सुमाराला दुकानासमोर जीप थांबली. ‘वाढदिवस तलवार’ एकटाच आत आला. काखेत माझाच बॅनर होता. त्याने तो टेबलावर ठेवून पसरला आणि भावाच्या दाढीवर बोट ठेवलं.

“मालक, ह्यो कोण हाय?”

माझ्या मागे भिंतीवर दुकानाच्या उद्घाटनाचा फोटो होता. त्यात फीत कापताना मी, शेजारी आई, आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून भाऊ. दाढी नव्हती, पण हसणं तेच. मी फ्लेक्सचा एक रोल उचलून त्या फोटोपुढे भिंतीला उभा केला, जसं काही तो मला नेहमी तिथेच लागतो.   याला टपरीवाल्याने काय सांगितलंय ते मला माहीत नव्हतं. हा माझा भाऊ नाही असं मी म्हणालो आणि त्याला आधीच ठाऊक असलं तर? तर तो इथून सरळ जीपमध्ये बसेल आणि जिथे माझा भाऊ खोटं नाव घेऊन चहा पीत बसला असेल तिथे जाईल.

“तुमच्यापर्यंत गेला का हा घोळ!” मी कपाळावर हात मारला. तो मारताना मला आणखी काहीच सुचलेलं नव्हतं. “सकाळपासून शिव्या खायलोय ह्या बॅनरच्या पायी.”

“घोळ?”

“मुंडकं चुकलं हो, भाऊ. धड आणि नाव त्या पोलिसाचं, तोंड दुसऱ्याचंच. एक ट्रॅक्टरचा दलाल आहे, त्याचं ओळखपत्र करायचं होतं, त्याचा फोटो त्याच फोल्डरमध्ये पडलेला. गडबडीत तोच बसला. हवालदाराने सकाळी फोनवर मला धुऊन काढलं. बाकीचे दोन उतरवून आणले, हे बघा मागे पडलेत.”

त्याने वाकून मशीनमागच्या गुंडाळ्या बघितल्या. मग माझ्याकडे बघितलं. 

“तुमीच सांगा,” मी म्हणालो, “पोलिसाला एवढी दाढी ठेवू देतेत का?”

हे टपरीवाल्याचं वाक्य होतं. शुक्रवारी मी त्यावर वैतागलो होतो. तलवारवाल्याने पुन्हा बॅनरकडे बघितलं, दाढीकडे बघितलं. “फोल्डर दाखव,” तो म्हणाला.

मी ‘मुंडकी’ उघडलं. शेकडो तोंडं, धडाविना, ओळीने. त्यात भावाचं तोंडही होतं, आणि त्या फाइलला मी लाडाने नाव दिलं होतं ‘छोट्या’. त्याची नजर तिथे पोचायच्या आत मी खाली सरकलो आणि त्याचंच तोंड काढलं, तलवार केकवाल्या बॅनरचं. “हे बघा, कसं होतं ते दाखवतो.” ते उचलून मी त्याच खाकी धडावर ठेवलं. मान पहिल्यांदा वाकडी बसली. दुसऱ्यांदा नीट बसली. पडद्यावर तो हवालदार होऊन उभा राहिला, गळ्यातल्या साखळीसकट.

तो हसला. आधी हळू, मग टेबल धरून हसला. “आयला, मला बी पोलीस केलास!” मला हसता येत नव्हतं, पण हसलो. त्याने तो फोटो मोबाइलवर पाठवायला लावला. जाताना बॅनर गुंडाळून काखेत घेतला.

“ठेवा की इथंच, मी फाडून टाकतो,” मी म्हणालो.

“ऱ्हाऊ दे. कडब्यावर टाकायला व्हईल.”

जीप गेली. त्याने माझं खरं मानलं की नुसतं हसून घेतलं, हे मला कळलं नाही. भावाला कळवायची सोय नव्हती. मी चुकीची थाप मारली असेन तर? भावाने त्या लोकांना आपल्याबद्दल वेगळंच काही सांगितलं असेल तर? स्टेटसवर मी ‘आमचा वाघ’ लिहिलं होतं, ते तलवारवाल्याला आठवलं तर? दिवसभर एकही काम हातून झालं नाही. संध्याकाळी एक बाई नवऱ्याच्या वर्षश्राद्धाच्या बॅनरला फोटो घेऊन आली, तेव्हा मी तिला उद्या या म्हणालो. त्या दिवशी मला कुणाचंही मुंडकं कापायचं नव्हतं.

नंतरचे सहा दिवस कसे गेले ते सांगता येत नाही. आई फोन करून विचारायची, लेकराचा फोन आला का, आणि मी म्हणायचो, आलता, बरा आहे. पोलीस ठाण्यात जाऊन विचारावं म्हटलं तर तिथे कोण कुणाचा कान आहे कुणास ठाऊक. 

सातव्या दिवशी पेपरात बातमी आली. कट्टे पकडले, माणसं पकडली. फोटोत पुढे आरोपी बसवलेले, तोंडावर काळी फडकी, मागे पथकातले पोलीस ओळीने उभे. पहिल्याची साखळी मी ओळखली. पोलिसांची तोंडं एकेक करून बोट ठेवून बघितली. माझा भाऊ त्यात नव्हता. बातमीच्या शेवटी एक ओळ होती, एक दलाल पळून गेला, त्याचा शोध चालू आहे. ती ओळ मी दहा वेळा वाचली तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि मी दुकानातच मोठ्याने रडलो.

महिन्याभराने तो माझ्या घरी आला. दाढी काढलेली, हनुवटीचा भाग गोरा दिसत होता. मागच्या खोलीत बसून त्याने सांगितलं. त्या शनिवारी दुपारी तलवारवाल्याने सगळ्यांसमोर त्याच्यापुढे बॅनर पसरला होता. “माझ्या छातीत काय झालं ते मलाच ठाव,” भाऊ म्हणाला. “अन् तो म्हणतो कसा, तुझं मुंडकं एका पोलिसाला लागलतं बग. मंग त्यानं सोताचा वर्दीतला फोटो दाखवला. समदे हसायलते. मी बी हसलो.” छापा पडला तेव्हा त्यालाही सगळ्यांबरोबर बेड्या घातल्या होत्या आणि वाटेत ‘पळवून’ लावलं होतं, म्हणजे त्याच्यावर संशय येऊ नये. मी माफी मागायला तोंड उघडलं. त्याने माझा हात दाबला आणि म्हणाला, “दादा, पुन्यांदा कधी माझ्यावर एवढं प्रेम करू नको.” आम्ही दोघं हसलो. 

इथे संपलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. पुढच्या उन्हाळ्यात तलवारवाला जामिनावर सुटला. भरदुपारी दुकानात आला, त्याच गोड बोलण्याने. बारीक झाला होता. साखळी नव्हती.

“मालक, तो ट्रॅक्टरवाला ध्येनात हाय का? चुकलेलं मुंडकं. त्याचा फोटो पाहिजे मला. आमी समदे आत गेलो अन् तो एकटाच कसा काय पळाला, ते इचारायचंय त्याला.”

“पुसला हो, भाऊ. त्या घोळानंतर सगळंच पुसलं.”

“तू तर कायच पुसत न्हाईस म्हणतेत.”

“ते पुसलं.”

 भिंतीवर, जिथे उद्घाटनाचा फोटो होता, तिथे आता देवाचं कॅलेंडर आहे. ते त्याने बघितलं. “सापडला तर ठेव,” म्हणाला आणि गेला. अजून तो महिन्या-दोन महिन्यांनी दुकानावरून जातो, आणि जाताना आत बघतो. भावाला मी कळवलं. त्याच्या साहेबांनी त्याला लांब धाडलं, कुठे ते मलाही माहीत नाही, आणि आता मी विचारतही नाही.

तलवारवाला येऊन गेला त्याच दिवशी मी दुकान बंद करून खेड्यात गेलो. बॅनर उतरवल्यापासून मी आईच्या घरात शिरलोच नव्हतो, तिने काही विचारू नये म्हणून ओट्यावरूनच परतायचो. आईच्या घरी भावाचा फोटो होता, बाहेरच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्याला पहिल्यांदा दिसेल असा. तो उतरवायचा तर तिला सांगावं लागणार होतं, आणि काय सांगावं ते मला वाटभर सुचलं नव्हतं. घरात शिरलो तर भिंतीवर नुसता खिळा. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, “ज्वारीच्या कोठीत ठेवलाय, तळाला.”

“तुला कुणी सांगितलं?”

“तू बॅनर उतरवलास तवा तुझं तोंड बघितलं की मी. त्याच दिशी काढला.”

म्हणजे त्या सहा दिवसांत ती मला लेकराचा फोन आला का विचारत होती आणि मी तिला खोटं सांगतोय हे तिला ठाऊक होतं. मला तिच्याकडे बघवेना. मी त्या खिळ्याकडे बघत म्हणालो, “भिंत मोकळी दिसते.”

“दिसू दे,” ती म्हणाली. “फोटो मेलेल्याचे लावतेत. माझं लेकरू जित्तं हाय.”